किनारा ज्यांचा, पाहुणचार त्यांचा

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लेम्टू गावाला गाडीरस्ता नाही. बोटीने किंवा विमानानेच जावं लागतं. भोवती ‘ग्रेट बेअर’ हे सुमारे ६४ लाख हेक्टरांचं पर्जन्यवन. इथलं ‘स्पिरिट बेअर लॉज’ किटासू खायखाइस या आदिवासी समाजाच्या सामायिक मालकीचं आहे. निसर्ग-पर्यटनाची आपली चर्चा बहुधा सौरदिवे आणि प्लास्टिकबंदीपाशीच थांबते. अशा निवासाबद्दल पहिला प्रश्न मात्र मालकीचा असायला हवा, कारण जंगलाचं काय व्हायचं हे मालकीवरच ठरतं.

पाहुणे येतात ते पांढरं अस्वल बघायला. ही वेगळी जात नाही. काळ्या अस्वलाच्याच पोटी, आई आणि बाप दोघांकडूनही एक अप्रभावी जनुक आलं, तर पिल्लू पांढरं निपजतं. म्हणजे गोळी घातलेलं एखादं काळं अस्वलही पांढऱ्याचा वारसा घेऊन मरत असतं. पांढऱ्याची शिकार आधीपासून बेकायदा होती, काळ्याची नव्हती. केवळ दर्शन विकणाऱ्याला हा फरक चालला असता, तिथेच पिढ्या काढणाऱ्यांना तो चालणारा नव्हता. २०१२मध्ये किनाऱ्यावरच्या आदिवासी समाजांनी आपापल्या प्रदेशात हौसेच्या अस्वल-शिकारीवर बंदी जाहीर केली. सरकारी परवाने तरी चालूच राहिले. पण त्याच वर्षाचा हिशेब पुढे एका अभ्यासात मांडला गेला: या वनात अस्वलं दाखवणाऱ्या व्यवसायात ५१० जणांना काम होतं, शिकार घडवणाऱ्यांकडे ११ जणांना. २०१७च्या अखेरीस तिथल्या प्रांत सरकारने ग्रिझली अस्वलाची शिकार बंद केली. २०२२मध्ये या भागाच्या काही पट्ट्यांत काळ्या अस्वलाचीही.

इतक्या दूर विमानाने जाण्यात कसलं निसर्गप्रेम, हा आक्षेप खरा आहे. तो धूर कुणाच्याही मालकीने धुतला जात नाही. मात्र तुलना करायची ती त्याच किनाऱ्याच्या दुसऱ्या वापरांशी. हौशी शिकारीही विमानानेच येत, आणि लाकूडतोड एकदा झाली की हजार वर्षांचे सीडर परत उभे राहत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर: पर्यटक थांबले तर? २०२०च्या साथीने हा धोका जगभर दाखवला. म्हणूनच एकट्या लॉजवर विसंबणं चूक ठरेल. या समाजाचे स्वतःचे राखणदार आहेत. पाहुणे असोत वा नसोत, ते किनाऱ्यावर गस्त घालतात.

जून २०२२मध्ये किटासू खायखाइसांनी किटासू उपसागराचं सुमारे ३३.५ चौरस किलोमीटर क्षेत्र आपल्या परंपरागत अधिकारात संरक्षित जाहीर केलं. केंद्र सरकारच्या संमतीसाठी ते थांबले नाहीत. तिथे जपायची होती ती हेरिंग माशांची अंडी घालण्याची जागा, जी बघायला लॉजवर कुणी येत नाही.