सूर जुळवायला सांगली

दिवाळी अंक छापखान्यात गेला, की संपादकाला घर आठवतं. यंदा साताऱ्यात आईकडे मुक्काम झाला तो जेमतेमच. पाहुणेरावळे, औषधांची यादी, ‘वाळलास की रे’ हे ठरलेलं सगळं उरकलं आणि एसटीने कराड, पेठ नाका करत सांगली गाठली. कॉलेजातल्या आमच्या ऑर्केस्ट्राची मंडळी जमणार होती. ढोलकीवाला आता बँकेत, कीबोर्डवाला द्राक्षबागेत, आणि गाणाऱ्याचा वरचा सा कधीच निवृत्त झालेला.

तंबोरा आणायला मिरजेला जावं लागलं. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. इंग्रजी अमलात तलवारींचं काम आटलं, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात भोपळा आणि तारा हाती घेतल्या. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांच्यासारखा चोखंदळ कान या कारागिरांना शेजारीच मिळाला. २०२४मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कौतुकच आहे. पण मानांकनाने मुलगा बापाच्या कामाला बसत नाही. त्याला घर चालेल एवढी मजुरी लागते.

आमची तालीम? वाजवलं भरपूर, जमलं क्वचित. भडंगाचा फडशा मात्र एका सुरात पाडला. त्याच बैठकीतल्या वादावादीतून या अंकाचा विषय ठरला: वाद्य घडवणारी माणसं. ढोलकीवाल्याने लेख कबूल केला होता. तो अजून यायचाय.