मावळची वाट आणि नवी सायकल

कामशेतजवळच्या पाले येथील लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. अरिहंतांना नमस्कार करून आरंभ होणाऱ्या या लेखात एका भदंताने लेणे आणि पाण्याची पोढी करवून घेतल्याची नोंद आहे. कोकणातून घाट चढून देशावर येणाऱ्या वाटा याच मावळातून जात. त्या वाटेवरच्या माणसाला सावली आणि पाणी मिळावे, ही सोय तेव्हा दानाचा विषय होती. वाटेच्या सोयीचा तोच विचार आजच्या मावळात, एका अगदी साध्या वाहनाच्या निमित्ताने करावा असे वाटते.

तळेगाव, वडगाव, कामशेत आणि लोणावळा येथील आपल्या घरांचे दुकानापासूनचे अंतर बहुधा एक ते चार किलोमीटर असते. तळेगाव गाव ते तळेगाव स्टेशन हा पट्टाही एवढाच. आजोबांच्या पिढीने हे अंतर सायकलीवर काटले. मागच्या कॅरिअरवर मालाचा गठ्ठा, हँडलला पिशवी. पुढे आकुर्डीत बनलेली स्कूटर नंबर लावून दारात आली आणि सायकल जिन्याखाली गेली. ती का गेली असे विचारले तर पाच कारणे सांगितली जातात: चढ, घाम, चिखल, अंधार आणि पंक्चर. या पाचही कारणांवर गेल्या काही वर्षांत उत्तरे निघाली आहेत.

पहिले कारण चढाचे. वास्तविक तळेगावापासून लोणावळ्यापर्यंतची मुख्य वाट इंद्रायणीच्या खोऱ्यातून जाते आणि कामशेतची खिंड सोडली तर बरीच सौम्य आहे. ‘घाटाचा राजा’ हा किताब मुंबई-पुणे सायकल शर्यतीत ज्या चढावर मिळतो, तो बोरघाट खंडाळ्याच्या पलीकडे. तरीही बाजारातून तुंगार्लीकडे चढताना पन्नाशीतल्या माणसाची छाती भरून येते, हे खरे. येथे विजेची साथ असलेली सायकल उपयोगी पडते. निरोगी माणूस बराच वेळ पायडल मारत राहिला तर साधारण 75 ते 100 वॅट शक्ती देतो. या सायकलीची मोटर 250 वॅटपर्यंतची असते; म्हणजे चढावर दोन-तीन माणसे मागून हात लावीत आहेत असे समजावे. पाय चालवायचे आपणच, पण दम लागत नाही. आणि दम लागला नाही की घामाचे दुसरे कारणही बरेचसे निकालात निघते.

ही साथ दोन प्रकारांनी मिळते. स्वस्त सायकलीतील सेन्सर पायडल फिरते आहे एवढेच ओळखतो आणि मोटर एकदम ओढ घेते. महाग सायकलीतील सेन्सर पायाचा जोर मोजून त्या प्रमाणात मदत देतो. गर्दीच्या बाजारातून जायचे असेल आणि चालवणारा वयस्क असेल, तर दुसरा प्रकार अधिक सुरक्षित. बॅटरी 36 व्होल्ट आणि 10 अँपिअर-तासाची असेल तर ती पूर्ण भरण्यास अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागते, आणि पाय चालवत राहिल्यास 30 किलोमीटरची मजल सहज होते. हिशेबी वाचकाने याची तुलना स्कूटरच्या पेट्रोलशी स्वतःच करावी. पुण्यात ई-मोटोरॅडसारखी कंपनी अशा सायकली तयार करते, तेव्हा त्या पाहायला दूर जाण्याचे कारण नाही.

चिखलाचा प्रश्न लोणावळ्यात मोठा. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस जेथे पडतो, तेथे जुने रबरी ब्रेक ओल्या रिमवरून घसरतात. डिस्क ब्रेक चाकाच्या मध्यभागी असल्याने पावसातही धरतात. पूर्ण लांबीचे मडगार्ड मात्र आग्रहाने मागून घ्यावे. दिसायला छान म्हणून ते काढलेल्या सायकली मावळच्या उपयोगाच्या नाहीत. साखळीऐवजी पट्टा असलेल्या सायकलीला तेल लागत नाही, त्यामुळे पांढऱ्या लेंग्यावर काळा डाग पडण्याची भीती नाही. धुक्यासाठी चाकाच्या आसातच बसवलेला डायनामो मिळतो. जुन्या बाटली-डायनामोसारखा तो टायरला घासत नाही आणि जड जात नाही. टायरमध्ये पंक्चररोधक थर असतो किंवा भोक आतून बुजवणारे द्रव्य भरता येते. घडीची सायकल तर दुकानाच्या कोपऱ्यात मावते. ही कल्पना नवी नाही; दुसऱ्या महायुद्धात बीएसए कंपनीने ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी घडीच्या सायकली बनवल्या होत्या.

घेताना चार गोष्टी पाहाव्यात. सीट चामड्याची नाही ना, हे प्रथम विचारावे. बॅटरी काढून घरात नेता येते का, हे पाहावे. कारण अशी सायकल बरीच जड असते आणि जिना चढवणे कष्टाचे होते. बॅटरी रात्रभर कापडाच्या किंवा कागदाच्या मालाजवळ चार्जिंगला लावू नये. आणि कायद्याची मर्यादा तपासावी: मोटर पाव किलोवॅटच्या आत, ताशी 25 किलोमीटरला मोटरची साथ बंद, बॅटरी वगळून वजन 60 किलोपर्यंत. या मर्यादेतील पायडलच्या सायकलीला नोंदणी लागत नाही आणि परवानाही लागत नाही.

हा शेवटचा मुद्दा पालकांनी गांभीर्याने घ्यावा. क्लासला उशीर होतो म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती स्कूटरची किल्ली देणारी घरे आपल्यात कमी नाहीत. 2019 च्या सुधारित मोटार वाहन कायद्यानुसार अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंडापेक्षा मोठी गोष्ट त्या मुलाच्या जिवाची आहे. मात्र सायकल दिली म्हणजे जबाबदारी संपली असेही नाही. द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे, आणि जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरून अवजड वाहने वेगाने जातात. मुलांना आतल्या रस्त्यांनीच पाठवावे. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा यांत तडजोड नको.

आता आपल्या आचाराकडे वळू. भुशी धरणाकडे निघालेल्या पर्यटकांच्या गाड्यांनी शनिवार-रविवारी लोणावळा कोंडून जाते. चौविहार पाळणाऱ्या दुकानदाराला सूर्यास्तापूर्वी घर गाठायचे असते आणि गाडी हलत नाही. त्या कोंडीतून सायकल गल्लीबोळाने निघून येते. पावसाळ्यात रस्त्यावर गांडुळे, बेडूक, खेकडे येतात. ईर्यासमिती हे साधूंचे व्रत; पण समोरची जमीन पाहत जाण्याचा त्यातला भाव श्रावकानेही घेण्याजोगा आहे. सायकलीवरूनही हिंसा टळत नाही, हे मान्य. पण मंद वेगात जीव दिसतो आणि वळण घेता येते. दिवसभर गादीवर बसणाऱ्या आणि साखरेची गोळी घेणाऱ्या देहालाही रोजची ही वीस मिनिटे हितकारक आहेत.

तरीही एक सहावे कारण उरते, ते कोणी सांगत नाही: शेठ सायकलवरून आले तर लोक काय म्हणतील? यावर कोणत्याही कारखान्यात उत्तर तयार होत नाही. ते चौदा नियमांत आहे. रोज सकाळी धारण करायच्या त्या नियमांत ‘वाहन’ हा एक नियम आहे. आज किती वाहने वापरीन, याची मर्यादा आपणच घालायची असते. याच नियमाने एक सावधगिरीही शिकवावी. दारात चार वाहने असताना हौसेखातर पाचवी म्हणून सायकल घेतली, तर तो परिग्रहच वाढला. सायकल आल्यावर स्कूटरची एक फेरी कमी झाली, तरच ती घेतल्याचे सार्थक.

आणि जे काम एकट्याने होत नाही ते संघाने करावे. स्थानक, उपाश्रय, मंदिर यांच्या आवारात छप्पर असलेला सायकल स्टँड, चाकात हवा भरण्याचा पंप आणि बॅटरीसाठी दोन सुरक्षित प्लग, एवढ्याला फार खर्च येत नाही. व्याख्यानाला येणाऱ्या वृद्ध श्रावकाची आणि पाठशाळेत येणाऱ्या मुलीची त्याने सोय होईल. येत्या चातुर्मासासाठी दानाचे संकल्प लिहिताना विश्वस्तांनी या एका ओळीचा विचार अवश्य करावा. पालेच्या डोंगरात ज्याने पोढी खोदवली, त्याने वाटसरूची तहानच ओळखली होती.

जय जिनेंद्र.