मोटार का जळते?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या नदीकाठच्या गावात ‘मोटार’ म्हटले की चारचाकी गाडी कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. मोटार म्हणजे पाणी उपसणारी, नदीवरची नाहीतर विहिरीवरची. ‘मोटार भरायला टाकलीय’ याचा अर्थ ती जळाली आहे आणि आतल्या तारा नव्याने गुंडाळायला दिल्या आहेत. पूर्वी विहिरीवर बैलांनी ओढायची चामड्याची मोट होती. मग उद्यमनगरातली ऑइल इंजिने फटफटू लागली आणि गावोगावी वीज आली तशी मोटार आली. मोट आणि मोटार या शब्दांचे एकमेकांशी काडीचेही नाते नाही. पण मोटेच्या जागी मोटार अशी चपखल बसली की नाते नाही म्हणायला जीभ धजत नाही.

बँकेच्या नोकरीत पाइपलाइन आणि मोटार-पंपाच्या कर्जाची कितीतरी प्रकरणे माझ्या हातांखालून गेली. सात-बारा, आठ-अ, कोटेशन, जामीनदार असा सगळा सरंजाम त्यात असे. मोटार किती अश्वशक्तीची हेही लिहिलेले असे. ती फिरते कशी आणि जळते का, हा रकाना मात्र कुठल्याच अर्जात नव्हता. हप्ता थकला की चौकशीत कारण अनेकदा एकच निघे : मोटार जळाली आणि ऐन उन्हाळ्यात ऊस वाळला. धरणातून पाणी सोडायचे, बंधाऱ्याला बरगे घालून ते अडवायचे आणि मोटारींनी उचलून माळावर न्यायचे, या साखळीवर इथली हिरवाई उभी आहे. साखळीतली शेवटची कडी तुटली की धरण आणि बंधारा दोन्ही असून नसल्यासारखे.

तर मोटार फिरते कशी? सुरुवात लोहचुंबकापासून करू. पंचगंगेच्या घाटावर वाळूत लोहचुंबक फिरवून त्याला काळी दाढी फुटलेली पाहणे हा पोरांचा जुना खेळ. ती दाढी म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या दगडातून झिजून आलेल्या लोहखनिजाचे कण. या चुंबकाचा विजेशी काही संबंध असेल, असे शेकडो वर्षे कुणाला निश्चित ठाऊक नव्हते. १८२० साली डेन्मार्कच्या अर्स्टेड या प्राध्यापकाला दिसले की, तारेतून वीज सोडली की शेजारची होकायंत्राची सुई हलते. म्हणजे वीज वाहणारी तार स्वतःच चुंबक होते. पाच वर्षांनी विल्यम स्टर्जन या इंग्रजाने घोड्याच्या नालेच्या आकाराच्या लोखंडाभोवती तार गुंडाळली आणि सुमारे दोनशे ग्रॅमच्या त्या तुकड्याने चार किलो वजन उचलून दाखवले. हा स्टर्जन तरुणपणी चांभारकाम शिकलेला, हे चपलांच्या गावाने लक्षात ठेवायला हरकत नाही. वीज बंद केली की त्याचे वजन खाली पडे. हवे तेव्हा धरणारा आणि हवे तेव्हा सोडणारा चुंबक माणसाला प्रथमच मिळाला होता.

हा प्रयोग घरी करता येतो. मोटार भरणाऱ्या दुकानात जुन्या तारेचा तुकडा सहज मिळतो. तिच्या दोन्ही टोकांवरचे रोगण खरवडायचे, मोठ्या खिळ्याभोवती पन्नासएक वेढे घट्ट द्यायचे आणि टोके क्षणभर टॉर्चच्या सेलला लावायची. टाचण्या उचलल्या जातात. तार तापते, म्हणून फार वेळ धरू नये. आणि भिंतीतल्या प्लगच्या जवळसुद्धा हा उद्योग नेऊ नये. तारेवरचे ते पातळ रोगण ध्यानात ठेवा. पुढची सगळी रड त्याचीच आहे. अमेरिकेतल्या थॉमस डॅव्हनपोर्ट नावाच्या लोहाराने १८३७ मध्ये विजेच्या मोटारीचे पेटंट घेतले. त्याच्या तारांना लपेटायला बायकोने आपला लग्नातला रेशमी पोशाख फाडून दिला, अशी कथा सांगतात. वेढ्याला वेढा उघडा भिडला की वीज जवळची वाट धरते.

आता मुख्य गोष्ट. शेतावरच्या मोटारीत फिरणाऱ्या भागाला बाहेरून वीज दिलेलीच नसते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वीज मिळते ती बाहेरच्या, जागचे न हलणाऱ्या वेढ्यांना. मग आतला भाग फिरतो कशाने?

चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात. उंच काठीला बांधलेल्या दोऱ्या, म्हणजे तोरण्या, चारी बाजूंनी माणसे धरून उभी असतात. समजा तोरण्या तीनच आहेत आणि तिघे आपापल्या जागी उभे राहून पाळीपाळीने ओढताहेत. तिघांतला कुणीही जागा सोडत नाही, पण काठीचे टोक आभाळात गोल फिरू लागते. थ्री फेज वीज म्हणजे हे तीन दोरीवाले. तिन्ही फेजचा जोर एकामागून एक चढतो-उतरतो आणि वेढ्यांच्या आत चुंबकाची ओढ गोल फिरत राहते. हे गमक इटलीचे फेरारिस आणि अमेरिकेत गेलेले टेस्ला यांनी स्वतंत्रपणे ओळखले. १८८८ साली दोघांचेही काम जगापुढे आले.

आतल्या भागात तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा पिंजरा असतो. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवले होते की, तारेजवळ चुंबकाची ओढ बदलत राहिली तर तारेत आपोआप वीज उपजते. फिरती ओढ पिंजऱ्यावरून गेली की दांड्यांत वीज उपजते, पिंजरा स्वतः चुंबक होतो आणि ओढीच्या मागे धावू लागतो. तो तिला कधीच गाठत नाही. गाठले तर दोघे सारख्याच वेगाने जातील, बदल थांबेल, वीज उपजणे थांबेल आणि जोर जाईल. म्हणून ओढ मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर मोटारीच्या पाटीवर १४४० असा काहीतरी आकडा लिहिलेला असतो. मागे पडलेल्या साठ फेऱ्यांतच तिची सगळी ताकद असते.

इथेच जळण्याचे कारणही सापडते. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्होल्टेज वीस टक्के घटले तर जोर वीस टक्क्यांनी घटत नाही, तो शंभराचा चौसष्ट होतो. पाण्याचे ओझे मात्र जवळजवळ तेवढेच. मग पिंजरा आणखी मागे रेंगाळतो, जास्त वीज खेचतो, आणि तारेतली उष्णता त्या विजेच्या वर्गाने वाढते. रोगण करपते, वेढ्याला वेढा भिडतो आणि तो ओळखीचा खमंग वास येतो. तीनपैकी एक फेज गेला तर हेच जलद होते. बंद असलेली मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही. चालू असलेली उरलेल्या दोन दोरीवाल्यांच्या जिवावर फिरत राहते आणि त्यांचे हात सोलून निघतात. ओव्हरलोड रिले यासाठीच असतो. पण तो सारखा पडतो म्हणून कुणीतरी तो डायरेक्ट करून ठेवलेला असतो.

शेतकरी निष्काळजी आहे, असे म्हणून विषय मिटवणाऱ्यांशी माझे भांडण आहे. शेतीपंपांना वर्षानुवर्षे पाळीपाळीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, वीज मिळत आली. काही ठिकाणी सौर फीडरमुळे दिवसा वीज आली असली, तरी सगळ्यांची रात्रपाळी अजून सुटलेली नाही. रात्री दोन वाजता उसातून नदीवर कोण जाणार? साप, रानडुक्कर, डोंगराकडे गवा. म्हणून शेतकरी ऑटो स्विच बसवतो : वीज आली की मोटार आपोआप सुरू. एकट्यापुरते हे शहाणपणाचे आहे. पण सुरू होताना मोटार नेहमीच्या सुमारे सहापट वीज मागते. पाच अश्वशक्तीची मोटार चालताना सात अँपिअरच्या आसपास घेते, म्हणजे उठताना चाळीसच्या वर. शंभर केव्हीएच्या डीपीवर अशा वीस मोटारी असतील तर त्या चालताना डीपी कसाबसा पुरतो. सगळ्या एकाच क्षणी उठल्या तर मागणी आठशे अँपिअरवर जाते. व्होल्टेज कोसळते, एकही मोटार धड उठत नाही, सगळ्या तापतात. फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर डीपी जातो आणि अख्खी शिवेची शिव आठवडाभर कोरडी. प्रत्येक ऑटो स्विचला काही सेकंदांचा वेगवेगळा उशीर लावता येतो आणि मोटारीला योग्य कपॅसिटर जोडला तर तारांवरचा भार हलका होतो. यासाठी एका डीपीवरच्या वीस जणांनी एकत्र बसावे लागते. पाणीवाटपासाठी आपण बसतोच की!

२०२२ च्या फेब्रुवारीत दिवसा दहा तास वीज द्या, म्हणून शेतकऱ्यांनी कोल्हापुरात महावितरणच्या दारात धरणे धरले. २०२४ साली सरकारने जे जाहीर केले ते साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज. बिल माफ झाल्याचा आनंद कुणाला नसेल? पण मागणी होती वेळेची आणि पुऱ्या दाबाची. वाइंडिंगचे बिल कुणी माफ करत नाही, आणि एका हंगामात दोनदा मोटार भरली की विजेच्या बिलात वाचलेले त्यातच जाते. फुकट पण अर्ध्या दाबाची वीज शेवटी महागच पडते, हा हिशेब मांडायला बँकेतल्या नोकरीची गरज नाही. डीपी किती क्षमतेचा, त्यावर किती मोटारी आणि टोकाच्या मोटारीला व्होल्टेज किती मिळते, हे तीन आकडे दरवर्षी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजेत.

पावसाळ्याचे वेगळेच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये महापुराने नदीकाठच्या मोटारी गिळल्या. शहराच्या उपसा केंद्रांतही पाणी शिरले आणि चहूकडे पूर असताना नळ कोरडे पडले. बुडालेली मोटार बुडाल्याने जळत नाही. ओली असताना बटण दाबल्याने जळते. गाळ धुऊन, खोलून, भट्टीत किंवा मोठ्या बल्बच्या उबेत ती पुरती वाळवावी, मेगर लावून तारांचे रोगण शाबूत आहे का ते पाहावे, बेअरिंगला नवे ग्रीस भरावे. बुडलेल्या कितीतरी मोटारी एवढ्यावर पुन्हा चालतात. पूर ओसरल्यावर वायंडरच्या दारात रांग लागते आणि पाऊस उघडला की पिकाला पाण्याची घाई होते. त्या घाईत पहिला बळी मेगरच्या तपासणीचा जातो. ती पाच मिनिटांची असते.