चूक सरकारची, वसुली गरिबाकडून?

सरकारने एखाद्याला चुकून जास्त पैसे दिले तर ते परत कोणी करायचे? वरवर पाहता हा हिशेबाचा साधा प्रश्न आहे. घेतले त्याने द्यावेत. पण ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगरच्या वस्त्यांमध्ये गेले वर्षभर काम करताना आमच्या लक्षात आले आहे की हा प्रश्न हिशेबाचा नाही, सत्तेचा आहे. चूक कोणाची हे कोण ठरवतो, आणि तिची किंमत कोण मोजतो, यावरून राज्य कोणाला नागरिक मानते आणि कोणाला चोर, हे स्पष्ट कळते.

'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचा शासन निर्णय २८ जून २०२४ चा. महिना १५०० रुपये, वय २१ ते ६० (लगेच वाढवून ६५), कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, घरात चारचाकी नको, दुसऱ्या सरकारी योजनेतून तेवढेच पैसे मिळत असतील तर अर्ज नको. या अटी पहिल्यापासून कागदावर होत्या. पण अर्ज भरून घेताना त्या कोणी वाचून दाखवल्या? पक्षांच्या शाखांबाहेर, नगरसेवकांच्या कार्यालयांत, चौकाचौकांत टेबले लागली. बाईने आधार कार्ड आणि पासबुक पुढे करायचे, फॉर्म दुसऱ्याने भरायचा, हमीपत्रावर सही किंवा अंगठा घ्यायचा. ऑगस्टमध्ये दोन महिन्यांचे ३००० रुपये खात्यात आले. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा हप्ता आचारसंहितेच्या आधीच जमा झाला. २० नोव्हेंबरला मतदान झाले, २३ ला निकाल लागला. आणि पडताळणी कधी सुरू झाली? जानेवारी २०२५ मध्ये.

हा क्रम नीट लक्षात ठेवा. मत मिळेपर्यंत प्रत्येक बहीण लाडकी होती. मतमोजणी झाल्यावर ती संशयित झाली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितले की ५ लाख महिला अपात्र ठरल्या. त्यात २ लाख ३० हजार महिला संजय गांधी निराधार योजनेच्या लाभार्थी होत्या. आता विचार करा, निराधार योजनेची यादी कोणाकडे असते? सरकारकडे. लाडकी बहिणीची यादी कोणाकडे? सरकारकडेच. दोन्हींत आधार क्रमांक आहे, बँक खाते आहे. दोन याद्या शेजारी ठेवून पाहायला सरकारला निवडणूक उरकेपर्यंत सवड झाली नाही. ही त्या विधवेची लबाडी म्हणायची, की मंत्रालयाची? त्याच पाच लाखांत १ लाख १० हजार महिला ६५ वर्षांपेक्षा मोठ्या होत्या. आधार कार्डावरची जन्मतारीख सरकारी यंत्रणेला वाचता आली नाही, आणि त्याचा दोष म्हातारीवर?

पुढे जुलैमध्ये २६ लाख ३४ हजार लाभार्थ्यांचा हप्ता जूनपासून थांबवल्याचे जाहीर झाले. चौदा हजारांहून जास्त पुरुषांच्या नावे पैसे गेल्याचेही उघड झाले. दोन हजारांहून जास्त सरकारी कर्मचारी महिला यादीत सापडल्या. बातम्यांचे मथळे झाले ते याच दोन गोष्टींचे. त्या मथळ्यांच्या आवाजात बाकीच्या लाखो बायाही 'बोगस' या एकाच शब्दात मोजल्या गेल्या. पगारदार कर्मचारी आणि धुणीभांडी करणारी निराधार बाई एकाच पिंजऱ्यात उभी केली गेली.

कल्याण पूर्वेच्या एका वस्तीतील एक विधवा ताई आमच्याकडे आल्या. डोंबिवलीत चार घरची कामे करतात. निराधार योजनेचे १५०० रुपये त्यांना आधीपासून मिळत होते. टेबलावरच्या मुलाने "ताई, हे वेगळे आहे, भरून टाका" म्हटले, त्यांनी भरले. काही महिने दोन्ही पैसे आले. मग लाडकी बहीण बंद झाली, आणि पाठोपाठ निराधारचे पैसेही थांबले. चौकशीला गेल्या तर एका कार्यालयात खिडकीवरच सांगितले गेले, "जास्तीचे घेतलेले आधी भरा, मग पुढचे बघू." नोटीस नाही, आदेश नाही, हिशेबाचा कागद नाही. तोंडी वसुली! त्या चार वेळा कार्यालयात गेल्या म्हणजे चार दिवसांची मजुरी गेली. बचत गटातून कर्ज काढून पैसे भरायची त्यांची तयारी झाली होती. आम्ही थांबवले आणि विचारले, "ताई, कोणत्या कागदावर लिहिलंय भरा म्हणून?" त्या म्हणाल्या, "साहेब बोलले ना." आपल्या माणसांसाठी आजही साहेबाचे बोलणे हाच कायदा आहे. लढाई तिथूनच सुरू होते.

कारण त्याच फेब्रुवारीत मंत्र्यांनी जाहीर सांगितले होते की अपात्र ठरलेल्या महिलांना आधी दिलेली रक्कम परत घेतली जाणार नाही. वर मंत्री माफी जाहीर करतात आणि खाली खिडकीवर वसुली चालते, कारण माफीचा लेखी आदेश बाईच्या हातात कधी पोहोचतच नाही. निवडणुकीचे पत्रक मात्र घरोघरी पोहोचते.

ई-केवायसीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्व लाभार्थींना ई-केवायसी सक्तीची झाली. पती किंवा वडिलांचे आधार मागितले गेले. ज्यांचे दोघेही हयात नाहीत, जिला नवऱ्याने टाकले आहे, तिने काय करायचे? ओरड झाल्यावर तिच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. म्हणजे योजना ज्या एकट्या बाईच्या नावाने उभी केली, तिचाच विचार नियम करताना झाला नव्हता. घरात कोणी सरकारी नोकरीत आहे का, हा प्रश्न अशा नकारार्थी वळणाने विचारला की 'होय' म्हणावे की 'नाही', हे शिकलेल्या मुलींनाही कळेना. चुकीचे बटण दाबले गेले आणि मोलकरीण कागदोपत्री सरकारी नोकरदाराच्या घरची झाली! शेवटी अंगणवाडी सेविकांमार्फत पुन्हा प्रत्यक्ष पडताळणी करायची वेळ आली. प्रश्न ज्याने असा लिहिला त्याच्यावर कोणती कारवाई झाली? उत्तर चुकलेल्या बाईचा हप्ता मात्र तात्काळ थांबला.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या खर्चासाठी पालकांना सरकारी भत्ता मिळतो. तिथल्या कर खात्याने एखादी सही राहिली, एखादा आकडा चुकला म्हणून हजारो पालकांकडून वर्षानुवर्षांचा संपूर्ण भत्ता परत मागितला. घरे मोडली, संसार मोडले. संशयाची सुई कोणाकडे होती? स्थलांतरित, दुहेरी नागरिकत्व असलेल्या कुटुंबांकडे. संसदीय चौकशीने तो अन्याय ठरवला आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. ऑस्ट्रेलियात संगणकाने सरासरी काढून गरिबांवर खोटी थकबाकी लादली. ती बेकायदा ठरली, पैसे परत करावे लागले, आणि २०२३ मध्ये रॉयल कमिशनने सगळे वाभाडे काढले. आपल्या शेजारच्या तेलंगणात लाखो शिधापत्रिका घरी न जाता रद्द झाल्या तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये प्रत्यक्ष पडताळणीचा आदेश द्यावा लागला. देश कोणताही असो, यंत्राचा संशय आधी तळाच्या माणसावर येतो. तिथला काळा-गोरा, इथली जात.

'अपात्र' या शब्दाकडे आपण तरी नीट पाहिले पाहिजे. पात्र कोण आणि अपात्र कोण हे ठरवण्याचा मक्ता या देशात हजारो वर्षे कोणाकडे होता? पाण्याला अपात्र, शाळेला अपात्र, मंदिराला अपात्र. आज तोच शब्द संगणकाच्या पडद्यावर येतो आणि कारण विचारले की उत्तर मिळते, "सिस्टीममधूनच आलंय." पूर्वी शास्त्राकडे बोट दाखवत, आता सिस्टीमकडे दाखवतात. संविधानाने आपल्याला दिलेला फरक एवढाच आणि फार मोठा आहे: आता कारण द्यावे लागते, दुसरी बाजू ऐकावी लागते.

न्यायालयांनी हे तत्त्व मान्य केलेले आहे. १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब सरकार विरुद्ध रफिक मसीह या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तृतीय आणि चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना कार्यालयाच्या चुकीमुळे जास्त पगार गेला असेल तर तो वसूल करता येणार नाही. निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्याकडूनही नाही. पाच वर्षांहून जास्त काळ चाललेल्या चुकीचीही वसुली नाही. २०२२ मध्ये केरळच्या थॉमस डॅनियल या शिक्षकाच्या प्रकरणात हीच भूमिका पुन्हा मांडली गेली. कारण सरळ आहे. कर्मचाऱ्याने फसवले नाही, हिशेब कार्यालयाचा चुकला, पैसे पोटापाण्यात खर्च झाले. आपल्या महापालिकांमध्ये झाडू मारून, गटारे उपसून निवृत्त होणाऱ्या कामगारांत आपलेच बाप-काका किती आहेत, हे वेगळे सांगायला नको. वेतननिश्चितीची चूक वीस वर्षांनी निवृत्तीच्या तोंडावर काढून ग्रॅच्युइटीतून पैसे कापायचे ठरले, तर हा निकाल त्यांच्या हातात असला पाहिजे. आणि सावध राहा: 'जास्त रक्कम गेल्यास परत करीन' असे हमीपत्र आधी लिहून घेतलेले असेल तर वसुली मान्य करणारा २०१६ चा जगदेव सिंग निकालही आहे. म्हणून न वाचता सही करू नका.

आमचा सवाल असा आहे: पगार घेणाऱ्याला जे संरक्षण मिळते, ते निराधार बाईला का नको? तिने तर तेही पैसे तेल-मिठातच घातले.

इथे आपल्यातलेच काही जण म्हणतात, "फुकटचे घेतले तर परत करायला नको का?" डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये पोहोचलेले आपले बांधवही हे बोलतात, म्हणून उत्तर देणे भाग आहे. ज्याने जाणूनबुजून फसवले, पगार लपवला, बाईच्या नावावर पुरुषाचे खाते लावले, त्याच्याकडून जरूर वसूल करा, व्याजासकट करा. आम्ही चोरीची वकिली करत नाही. पण फसवणूक आणि चूक यांत फरक करायला चौकशी लागते, आणि चौकशी म्हणजे नोटीस, सुनावणी, लेखी आदेश. ती न करता सरसकट बोगस म्हणणे ही आळशी प्रशासनाची आणि जातीच्या नजरेची मिलीभगत आहे.

आणि वसुलीचाच विषय निघाला आहे तर आमचीही थकबाकी आहे. मे २०२५ मध्ये लाडकी बहिणीच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये वळवले गेले. आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख गेले. खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. अनुसूचित जातींच्या विकासासाठी राखलेला पैसा सरसकट योजनेत ओतायचा आणि वर म्हणायचे, त्यात तुमच्याही बाया आहेत! मग स्वाधारचे पैसे उशिरा मिळाल्याने खोलीभाडे थकलेल्या आमच्या मुलाला कोणी विचारायचे? शिष्यवृत्ती महिनोन्महिने रखडते तेव्हा सरकार त्यावर व्याज देते का? गरिबाकडे गेलेले १५०० रुपये 'जादा' ठरतात, गरिबाच्या वाट्यातून काढलेले ७०० कोटींहून अधिक रुपये 'तरतूद' ठरतात. कर्नाटक, तेलंगणात अनुसूचित जाती उपयोजनेच्या निधीसाठी कायदा आहे. महाराष्ट्रात नाही. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव प्रत्येक भाषणात घेणाऱ्या राज्याला हा कायदा करायला कोणी अडवले आहे?

बाबासाहेबांनी १९२५ मध्ये ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. संविधान सभेत त्यांनी महालेखापरीक्षकाला संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले. सरकारी पैशाचा हिशेब वरच्यांकडून घ्यायचा असतो, ही त्यांची शिकवण. आज हिशेब खालच्यांकडून घेतला जातो आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. एक, नोटीस, सुनावणी आणि कारणांसह लेखी आदेश असल्याशिवाय कोणताही लाभ थांबवू नये आणि एक रुपयाही वसूल करू नये. दोन, यंत्रणेच्या चुकीने गेलेली रक्कम माफ असल्याचा स्पष्ट शासन निर्णय निघावा आणि तो वस्तीत मराठीत लावावा. तीन, एका योजनेची चूक दाखवून दुसऱ्या योजनेचे पैसे अडवू नयेत. चार, ज्या अधिकाऱ्याने पडताळणी न करता मंजुरी दिली त्याची जबाबदारी ठरवावी. पाच, वळवलेला अनुसूचित जाती-जमातींचा निधी परत करावा आणि त्यासाठी कायदा करावा.

सरकार ऐकेपर्यंत तरुणांनी हातावर हात ठेवून बसू नये. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक विहारात रविवारी एक टेबल लावा. त्यांनी मतांसाठी लावली, आपण हक्कासाठी लावू. पैसे भरा म्हणाले तर आधी लेखी मागा. हिशेब कोणत्या महिन्याचा, कोणत्या नियमाने, हे अर्जात विचारा आणि पोच घ्या. उत्तर नाही आले तर माहिती अधिकार टाका. रोख पैसे कोणाच्याही हातात देऊ नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ठाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, कल्याण न्यायालयात तालुका समिती आहे. ताईला एकटीला पाठवू नका, सोबत जा.

त्या विधवा ताईंनी पैसे भरले नाहीत. आम्ही अर्ज लिहिला, त्यांनी सही केली, पोच घेतली. निराधारचे पैसे अजून सुरू झालेले नाहीत आणि लेखी उत्तरही आलेले नाही. आता माहिती अधिकाराचा अर्ज जाईल, गरज पडली तर अपील जाईल. साहेब काय बोलले हे विचारणे आम्ही बंद केले आहे. साहेबांनी काय लिहून दिले, एवढेच विचारतो.

जय भीम!