हृदयारोपण : चार शिवणींची गोष्ट

माणसाचे हृदय माणसाला सर्वप्रथम कोणी बसवले? डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड, केप टाउन, ३ डिसेंबर १९६७. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत हे उत्तर देऊन तुम्ही गुण मिळवता. मला हा प्रश्नच अपुरा वाटतो.

शस्त्रक्रियेचेच पाहा. छातीचे मधले हाड करवतीने कापतात. रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवतात; हृदय व फुप्फुस या दोघांचे काम तेवढा वेळ ते यंत्र करते. मग जुने हृदय काढायचे. पण हृदयात रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरा सहा! एकेक जोडत बसायला सवड कुठली? दात्याचे हृदय थंड ठेवले तरी साधारण चार तासांत सुरू व्हावे लागते. अमेरिकेतील डॉ. नॉर्मन शमवे आणि डॉ. रिचर्ड लोअर यांनी युक्ती काढली. दोन्ही अलिंदांच्या, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या, मागच्या भिंती शिरांसकट जागेवरच ठेवायच्या. आता शिवणी चारच : दोन अलिंदांच्या, एक महारोहिणीची, एक फुप्फुस-रोहिणीची. १९६० साली त्यांनी हे कुत्र्यांवर करून दाखवले होते. बर्नार्ड यांची पद्धत मुळात हीच. (आता बऱ्याच ठिकाणी उजव्या बाजूच्या दोन महाशिरा स्वतंत्र जोडतात.) मज्जातंतू मात्र जोडत नाहीत, नवे हृदय आपल्याच तालावर धडधडते.

शिवण टिकली, माणूस टिकला नाही. शरीराने परके हृदय नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी दाबली होती. बर्नार्ड यांचा रुग्ण अठराव्या दिवशी न्यूमोनियाने दगावला. आपल्या मुंबईतही फेब्रुवारी १९६८ मध्ये के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी हृदयारोपण केले. रुग्ण काही तासांतच गेला. स्पर्धेत त्यांचे नाव कोणी विचारत नाही, याचे मला वाईट वाटते.

पुढे अनेक रुग्णालयांनी हा नाद सोडला. शमवे चिकाटीने करत राहिले. १९८० नंतर सायक्लोस्पोरिन हे औषध हाती आले, तेव्हा कुठे रुग्ण वर्षानुवर्षे जगू लागले. भारतात मेंदू-मृत्यू मानणारा कायदा १९९४ साली संमत झाला, आणि त्याच ऑगस्टमध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांना यश आले.

शिक्षकांना एक विनंती. पुढच्या स्पर्धेत ‘पहिले कोण?’ऐवजी ‘शिरा सहा, मग शिवणी चारच का?’ असे विचारून पाहा. फळ्यावर आकृती काढायला मुलांना पाच मिनिटे जास्त द्या.