सतार उत्तम, पण फोटो उघडेना!

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही सांगली जिल्ह्यातील कारागीर बांधवांसाठी अभिमानाची गोष्ट आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब सतारमेकर यांनी एकोणिसाव्या शतकात हा हुन्नर मिरजेत रुजविला. पुढे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गवयांचे वास्तव्य मिरजेला लाभले आणि येथील वाद्यांचे नाव दूरवर गेले. पण नाव दूरवर जाणे वेगळे आणि गिऱ्हाईक दुकानात येणे वेगळे. आज परगावचे गिऱ्हाईक आधी मोबाईलवर वाद्याचे फोटो पाहते, आवडले तरच पुढची चौकशी करते. आमचे म्हणणे असे की, नेमक्या याच ठिकाणी आपले व्यापारी आणि कारागीर मार खात आहेत.

कसे ते हिशेबाने पाहू. साधारण मोबाईलने काढलेला बारा मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो आणि त्याचे वजन तीन-चार एमबी भरते. एका सतारीचे सहा फोटो तसेच वेबसाईटवर चढविले, तर चोवीस एमबी झाले. सेकंदाला चार मेगाबिट वेग असलेल्या जोडणीवर ते पान पूर्ण उघडायला सुमारे अठ्ठेचाळीस सेकंद लागतात. दुकानाच्या दारात गिऱ्हाईक एवढा वेळ ताटकळत उभे राहील काय? तेच फोटो लांब बाजू १६०० पिक्सेल ठेवून आणि जेपीईजीचा दर्जा ऐंशीच्या आसपास ठेवून लहान केले, तर एकेक फोटो सुमारे तीनशे केबीचा होतो. मग सहाही फोटो तीन-चार सेकंदांत समोर येतात. तबलीवरची नक्षी, खुंट्या, पडदे हे सर्व मोबाईलच्या पडद्यावर तरीही स्वच्छ दिसते.

यावर कोणी म्हणेल, एक फोटो लहान करायला तीन मिनिटे लागतात. तीस वाद्यांचे एकशेऐंशी फोटो करायला नऊ तास बसायचे कोणी? म्हणूनच हे काम एकगठ्ठा करावे. बोस्नियात जन्मलेल्या इरफान श्किल्यान यांनी १९९६ साली 'इरफानव्ह्यू' नावाचा छोटा प्रोग्रॅम आणला. त्यात संपूर्ण फोल्डरमधील फोटो निवडून, लांब बाजू एकदाच ठरवून, सर्व फोटो काही मिनिटांत लहान करता येतात. घरगुती वापरासाठी तो मोफत आहे; धंद्यासाठी मात्र परवाना विकत घ्यावा लागतो आणि तो घ्यावाच. दुसऱ्याच्या मेहनतीचे दाम बुडवून आपल्या धंद्यात बरकत कशी येणार? ज्यांना खर्च नको, त्यांच्यासाठी 'इमेजमॅजिक' धंद्यालाही मोफत आहे, पण तेथे आदेश टाईप करावे लागतात. घरातील शिकलेला मुलगा किंवा मुलगी हे सहज करील.

मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, मूळ फोटो कधीही पुसू नयेत. लहान केलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्येच जावेत. इमेजमॅजिकमधील 'मॉगरिफाय' हा आदेश वेगळी जागा सांगितली नाही, तर मूळ फायलीवरच लिहितो. गेलेला तपशील पुन्हा मिळत नाही. उद्या कोणी छापील कॅटलॉगसाठी फोटो मागितला, तर १६०० पिक्सेलचा फोटो चांगल्या छपाईत जेमतेम सव्वापाच इंचच भरतो. तेव्हा मूळ फोटोच कामी येतो.

दुसरी, लहान फोटो ओढून मोठा करू नये. त्याने नक्षी फुटते आणि माल हलका वाटतो. आयफोनवाल्यांचे फोटो बहुधा एचईआयसी प्रकारात असतात. ते सर्वच ठिकाणी उघडत नाहीत, म्हणून त्याच फेरीत जेपीईजी करून घ्यावेत. फोटोत कधीकधी काढल्या जागेचा ठावठिकाणाही दडलेला असतो. वर्कशॉप घरातच असेल, तर तोही काढून टाकावा.

तिसरी गोष्ट इमानाची. आकार बदलताना रंग भडक करण्याचा मोह होतो. तुणीच्या लाकडावरचे पॉलिश आहे त्याहून गडद दाखविणे किंवा भोपळ्यावरचा डाग पुसून टाकणे म्हणजे तराजूत काटा मारण्यासारखेच आहे. ऐब असेल तर तो फोटोत दिसू द्यावा आणि दामही त्याप्रमाणे सांगावे.

ही गोष्ट केवळ मिरजेच्या वाद्यांपुरती नाही. सांगलीचा बेदाणा आणि हळद विकणारे, साताऱ्याच्या पेठेतील कापड व फर्निचरवाले, महाबळेश्वरात चपला आणि काठ्या विकणारे, या सर्वांना ती लागू आहे. आज आपल्यातील अनेकजण हे काम जमत नाही म्हणून माल मध्यस्थाच्या हवाली करतात. फोटो त्याचे, गिऱ्हाईक त्याचे, आणि नफ्याचा मोठा वाटाही त्याचाच. ज्याने महिनोन्‌महिने लाकूड कोरले, जवारी लावली, त्याचे नावही घेणाऱ्याला ठाऊक होत नाही. आमच्या मते मानांकनाचा कागद भिंतीवर लावून हे चित्र बदलणार नाही.

म्हणून व्यापारी संघटनांना आणि जमातींना आमची विनंती आहे की, सातारा, कराड, सांगली, मिरज येथे एका रविवारी अशी शिकवणी ठेवावी. एक कॉम्प्युटर, एक शिकविणारा आणि प्रत्येकाने आपल्याच मालाचे आणलेले फोटो एवढ्यावर काम भागते. ज्या हातांना सतारीचे पडदे अचूक बांधता येतात, त्यांना हे अवघड नाही. फक्त सुरुवात करायला हवी.