काठी केवढी असावी?

रब्बीचा हंगाम लागला की रात्रपाळीचे पाणी सुरू होते. सौर वाहिनीवरून दिवसाची वीज जिथे पोचली, तिथली गोष्ट वेगळी. बाकीच्या गावांत रात्रीची पाळी आली की हरभरा असो, गहू असो की ऊस, दारं धरायला रानात जावंच लागतं. रानडुकरं आणि साप आपल्याला नवे नाहीत. त्यात डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून आलेला वाघ येडशी-रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात टिपला गेला आणि भीती आणखी वाढली. भीती वाढली की बाजारही वाढतो. हाताला झटका दिला की बाहेर सरकणारा, घडीचा लोखंडी दांडा आता मोबाईलवरून घरपोच मागवता येतो. हा दांडा घ्यावा का, घेतला तर केवढा, असं तरुण शेतकरीही विचारतात आणि गावकारभारीही.

माझं मत स्पष्ट आहे. काठीची लांबी म्हणजे आपण आणि धोका यांतलं अंतर. जी काठी हे अंतर कमी करते, ती कितीही चकचकीत असली तरी शेतकऱ्याच्या कामाची नाही.

हे दांडे साधारणपणे १६, २१ आणि २६ इंचांचे मिळतात. ही लांबी पूर्ण उघडल्यावरची. मिटला की २६ इंचीसुद्धा वीतभर होतो आणि कमरेला अडकवता येतो. शहरात, गाडीत, जिन्यात, अरुंद जागेत वावरणाऱ्यांसाठी ही सोय आहे. आपल्या बांधावर हिशेब वेगळा. घोणस सर्वसाधारणपणे तीन-चार फुटांची असते आणि साप आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत झेप घेतो. म्हणजे एक ते दोन फूट. २१ इंची दांड्याने पुढची वाट चाचपायची तर कमरेत वाकावं लागतं आणि हात नेमका त्या झेपेत जातो. कुत्रं अंगावर आलं तर १६ इंची दांड्याचं टोक आणि आपली बोटं जवळपास एकाच ठिकाणी असतात.

दुसरी अडचण रचनेची. यातले बरेच दांडे नळीत नळी घट्ट अडकून उघडे राहतात आणि टोक कठीण जागेवर आपटून मिटवले जातात. आपल्याला तर काठी टेकवत, ठोकत चालायचं असतं. ऐन वेळी दगडावर टोक आपटलं की दांडा आत सरकतो. काळ्या रानातला चिखल सांध्यात गेला आणि गंज धरला, की तो उघडत नाही नाहीतर मिटत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रात्री आपण ओल्या जमिनीवर, स्टार्टरच्या पेटीजवळ, तारांखाली वावरतो. हातात लोखंडी दांडा आणि समोर तुटलेली तार, हा मेळ जिवावरचा आहे. बांबूची काठीही ओली असेल तर भरवशाची नाही. म्हणून तारेला कशानेही हात न लावता वायरमनला कळवावं.

मग काठी कशी घ्यावी? भरीव मानवेल बांबूची, पावसाळा संपल्यावर थंडीत तोडलेली, सावलीत वाळवून तेल पाजलेली. त्या दिवसांत बांबूला कीड कमी लागते. टोक जमिनीवर टेकवलं की दुसरं टोक काखेला लागावं. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला ती साधारण सव्वाचार फूट भरते. बाईमाणसाने आपल्या उंचीची वेगळी काठी करावी, कारभाऱ्याची वापरू नये. खाली शेंबी, वर दोन घुंगरं. जमीन ठोकत चाललं की हादऱ्याने साप बहुधा बाजूला होतो. घुंगराने डुकराला आधीच चाहूल लागते. मात्र काठी ही बॅटरी आणि गमबूट यांच्या नंतरची वस्तू आहे, कारण साप बहुतेक वेळा पायालाच चावतो. चावलाच तर १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठावा. आणि डुक्कर असो की वाघ, काठी घेऊन पाठीमागे लागू नये. दोघांनी मिळून जावं, मोठ्याने बोलत जावं, वन विभागाला कळवावं.

आता ग्राम सुरक्षा दलाविषयी. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती, की गस्तीसाठी लोखंडी दांड्यांवर पैसा घालू नये. त्याच पैशात बॅटऱ्या, शिट्ट्या आणि पुरुषभर उंचीच्या बांबूच्या काठ्या येतात. गस्तीची काठी माणूस लांब थांबवण्यासाठी असते, फोडण्यासाठी नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. त्यातले बहुतेक आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढ्याकडचे होते, आणि सगळे पोटासाठी फिरणारे भिक्षेकरी. संशयित दिसला तर लांबून थांबवावं, ११२ ला फोन करावा, पोलीस पाटलांना बोलवावं. आपलं काम तिथे संपतं.

कायदाही ध्यानात असावा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघाला, की हत्यारांबरोबर सोटे आणि काठ्या बाळगण्यावरही बंदी घालता येते. सणासुदीला, निवडणुकीला असे आदेश निघतात. गस्त घालणाऱ्या गावाने आधी ठाण्यात विचारून घ्यावं. आणि बांधाच्या भांडणात खिशातला लोखंडी दांडा बाहेर आला, की शिवीगाळीवर मिटणारं प्रकरण भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८ पर्यंत, म्हणजे घातक हत्याराने दुखापत करण्यापर्यंत जाऊ शकतं. वारसाला बांध मिळेल की कोर्टाची तारीख, हे त्या खिशात ठरतं.

तरीही मोटारसायकलवरून ये-जा करताना कुत्र्यांसाठी कुणाला घडीचा दांडा हवाच असेल, तर २६ इंचांपेक्षा आखूड घेऊ नये आणि तो गाडीपुरताच ठेवावा. रानात न्यायची काठी ओळखण्याची खूण सोपी आहे. टोक जमिनीला टेकवून सरळ उभं राहावं. वाकावं लागलं, तर ती काठी तुमची नाही.